दंतविशेषज्ञाचा दवाखाना : व्यवसाय आणि विश्वास

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही काही मंडळी देवालयाच्या पडवीत पाऊस ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. बेळगावचा पाऊस तो. आपल्या सोयीने थोडाच थांबणार! इतक्यात आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण डॉक्टरीण माझ्याजवळ आली. दंतवैद्यकाची पाच वर्षे आणि त्यावर दातांच्या मुळांच्या उपचारांच्या विशेष अभ्यासाची तीन वर्षे पुरी करून ती नुकतीच गावी परतली होती. मी सारा जन्म दंतवैद्य म्हणून घालविला आहे हे तिला ठाऊक होते. पिशवीतून एक वही काढून तिने ती माझ्यापुढे धरली.

वहीत नव्या दवाखान्याचा मासिक खर्च नीटनेटक्या अक्षरांत मांडलेला होता : जागेचे भाडे, बँकेचा हप्ता, दोन मदतनिसांचे पगार, वीज, औषधे, उपकरणे. शेवटच्या ओळीत मात्र ‘पाठविणाऱ्यांचा वाटा’ एवढेच शब्द होते आणि आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

“काका, ह्या ओळीत काय लिहू?” तिने विचारले. एका जुन्या व्यवसायबंधूने तिला स्पष्टच सांगितले होते की, रुग्ण पाठवीन, पण फीचा चौथा हिस्सा मला पोचला पाहिजे. ही रीत पाळली नाहीस तर तुझ्या दाराशी कोणी फिरकणार नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पडवीत उभ्या उभ्या देता आले नाही. पुढे अनेक संध्याकाळी आम्ही दोघे त्या वहीवर बसलो. त्या बैठकांतून जे हाती आले, ते आज ह्या पानांतून मांडीत आहे. आपल्या अनेक घरांतील मुलेमुली आता वैद्यकाच्या निरनिराळ्या शाखांत शिकत आहेत. शिक्षण संपताच हा प्रश्न त्यांच्याही पुढे उभा राहणार आहे.

विशेषज्ञ कशासाठी?

दातदुखी मनुष्याइतकीच जुनी आहे. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा अपोलोनिया नावाच्या वयोवृद्ध कुमारिकेला धरून जमावाने तिच्या जबड्यांवर प्रहार केले आणि तिचे सारे दात पाडले. त्या नगरीचे बिशप दायोनिसियस ह्यांनी लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आली असून, इतिहासकार युसेबियसने ती जपून ठेविली आहे. पुढे ख्रिस्तसभेने संत अपोलोनियेला दातदुखीने पीडित झालेल्यांची आणि दंतवैद्यांची आश्रयदात्री मानले. ९ फेब्रुवारी हा तिचा स्मृतिदिन होय.

ह्या विद्येला शास्त्राचे रूप मात्र फार उशिरा आले. फ्रान्समधील प्येर फोशार ह्याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दातांत किडा वळवळतो ह्या समजुतीला धक्का दिला. एकोणिसाव्या शतकाअखेर ह्या विद्येच्या शाखा फुटू लागल्या. वाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र स्वतंत्रपणे शिकविण्यासाठी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एडवर्ड अँगल ह्यांनी १९०० साली शाळा काढली. आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी सोडा-सरबताचे दुकान चालवून उभा केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला. २०२३ साली संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. बेळगावात १९८५ पासून दंतवैद्यक महाविद्यालय आहे आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आज देशात मान्य आहेत.

इतक्या शाखा हव्यात कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर मी पुस्तकातून न देता माझ्याच एका चुकीतून देतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वयस्क शिक्षकांची वरची पहिली दाढ दुखू लागली. दाढेच्या आत मज्जा असते आणि ती मुळांतील बारीक नलिकांत उतरलेली असते. कीड तिथवर पोचली की त्या नलिका स्वच्छ करून भराव्या लागतात. त्या दाढेला मुळे तीन असतात. मी तीन नलिका शोधल्या, साफ केल्या आणि भरल्या. दुखणे थांबले नाही. मी गोळ्या दिल्या; पुन्हा दुखले, पुन्हा गोळ्या दिल्या. त्यांना मोठ्या शहरातील विशेषज्ञाकडे पाठवावे असे मन आतून सांगत होते. परंतु ‘डॉक्टरांना जमले नाही’ असे कोणी म्हणेल ह्या विचाराने मी ते टाळले. चार महिन्यांनी ती दाढ काढावी लागली. त्या रात्री दवाखाना बंद केल्यावर मी ते मूळ आडवे कापून पाहिले. गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरी एक नलिका होती. केसाएवढी बारीक आणि अस्पर्श.

त्या मुळात बहुतेकांना दोन नलिका असतात आणि दुसरी नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही, हे विशेषज्ञाला शिकविलेले असते. शिवाय त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक असतो. त्या गुरुजींनी मला कधी एका शब्दाने दुखविले नाही. पण धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणात ते एकाच बाजूने घास चावताना दिसले की माझा घास घशात अडकत असे. त्यांची दाढ माझ्या अज्ञानाने गेली असे म्हणता येईल. खरे तर ती माझ्या अहंकाराने गेली.

सोपवून देण्याची रीत

मुळांचा उपचार करणाऱ्या विशेषज्ञाकडे रुग्ण बहुधा आपण होऊन येत नाही. त्याला त्याचा नेहमीचा दंतवैद्य पाठवितो. म्हणून ह्या व्यवसायाचा पाया दोन विश्वासांवर उभा असतो : रुग्णाचा आणि पाठविणाऱ्या डॉक्टरचा.

ह्या दुसऱ्या विश्वासाची किंमत पैशाने चुकती करण्याच्या प्रथेला बाजारात ‘कट’ म्हणतात. समजा, एका दाढेच्या उपचाराची फी ८,००० रुपये आहे. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे २,००० रुपये, पाठविणाऱ्याला गेले. ते आले कोठून? एक तर रुग्णाच्या फीत आधीच मिळविलेले असतात, नाही तर कामातून कापलेले असतात. शेवटचे क्ष-किरण चित्र गाळले जाते. टाकून द्यावयाची बारीक कानस आणखी एकदा वापरली जाते. लाळेतील जंतू दाढेत उतरू नयेत म्हणून लावावयाचा रबराचा पडदा ‘वेळ नाही’ म्हणून बाजूला राहतो. हा पडदा न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम ह्यांनी १८६४ साली प्रथम वापरला. तो लावण्यास काही मिनिटे पुरतात, आणि त्यावाचून मुळांचा उपचार करणे म्हणजे गढूळ पाण्यात कपडे धुणे होय. दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनेही असे कमिशन देणे आणि घेणे गैर ठरविले आहे. पण मला वाटते, कायद्याआधी मनाने ते ठरवावयास हवे. ज्याला मोबदला मिळतो, तो रुग्णाला कोणाकडे पाठवावे हे ठरविताना दाढेकडे पाहत नाही, खिशाकडे पाहतो.

मग पैसा द्यावयाचा नाही तर द्यावयाचे काय? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याची मला येथे आठवण होते. त्याने घायाळ माणसाला उतारशाळेत नेले, चालकाला रोख पैसे दिले, आणि परत येईन असेही सांगितले. त्या दाखल्यात दया तर आहेच. पण चोख हिशेब आहे आणि सोपविलेल्या माणसाची पुन्हा चौकशी करण्याचे वचनही आहे. सोपवून देण्याची रीत ती हीच.

आमच्या डॉक्टरणीने म्हणून चार नियम केले. पहिला, रुग्ण ज्या कामासाठी आला तेवढेच काम करावयाचे. वरची टोपी बसविणे आणि बाकीचे दात पाहणे हे त्याच्या नेहमीच्या डॉक्टरचे काम, त्याला परत त्याच्याकडेच पाठवावयाचे. दुसरा, उपचार झाला त्याच दिवशी पाठविणाऱ्याला पत्र लिहावयाचे : काय आढळले, काय केले, पुढे काय करावे; सोबत आधीचे आणि नंतरचे क्ष-किरण चित्र. तिसरा, ठणक्याने तळमळणाऱ्यासाठी सकाळी एक आणि संध्याकाळी एक वेळ मोकळी ठेवावयाची. कारण ‘आज पाहाल का?’ ह्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर मिळाले की पाठविणारा ते वर्षानुवर्षे विसरत नाही. चौथा नियम सर्वांत अवघड. आधीच्या डॉक्टरच्या हातून कानस मोडून मुळात राहिली असेल, तर रुग्णाला खरे सांगावयाचे, पण त्या डॉक्टरची निंदा करावयाची नाही. चांगल्या हातांतूनही कानस मोडते, हेही खरेच असते आणि तेही सांगावयाचे.

रिकाम्या खुर्चीचा हिशेब

धर्मभावना आणि हिशेब ह्यांचे वाकडे आहे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मला उलट अनुभव आहे. ज्याचा हिशेब कच्चा, त्याची नीतीही महिनाअखेरीस डळमळू लागते. हप्ता भरण्याची तारीख जवळ आली की ज्या दाढेत नुसते सिमेंट भरून भागले असते, तिलाही मुळाच्या उपचाराची गरज दिसू लागते!

म्हणून आम्ही एक सोपे गणित मांडले. समजा, दवाखाना दिवसाला सात तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालतो. म्हणजे खुर्चीचे १७५ तास झाले. डॉक्टरच्या स्वतःच्या योग्य वेतनासह सारा खर्च १,७५,००० रुपये धरला, तर खुर्चीचा प्रत्येक तास १,००० रुपयांचा पडतो. दीड तासाच्या कामाला १,५०० रुपयांहून कमी घेतले तर तोटा, हे येथे उघड दिसते.

आता ती म्हणाली, “काका, दशमांश मला पैशांत नको, तासांत द्यावयाचा आहे.” अर्थात महिन्याचे साडेसतरा तास ज्यांना देणे शक्य नाही अशांसाठी. उरलेल्या १५७.५ तासांवर तोच खर्च वाटला, तर तास सुमारे १,१११ रुपयांना पडतो. म्हणजे गरिबांसाठी एक दशांश वेळ दिल्याने इतर रुग्णांवर तासाला १११ रुपयांचा भार आला. पुढे आम्ही पाहिले की, वेळ घेऊन न येणारे रुग्ण, उशिरा येणारे रुग्ण आणि ढिसाळ नोंदी ह्यांमुळे १७५ पैकी १०५ तासच भरले, तर काय होते? तोच तास सुमारे १,६६७ रुपयांवर जातो!

ह्या आकड्यांनी माझेही डोळे उघडले. गरिबाला दिलेल्या तासापेक्षा वाया गेलेला तास रुग्णांना कितीतरी महाग पडतो. तेव्हापासून तिची मदतनीस आदल्या संध्याकाळी प्रत्येक रुग्णाला फोन करते. कोणी येणार नसेल तर ती वेळ ठणक्याच्या रुग्णाला मिळते. खानापूर, चंदगड किंवा निपाणीकडून एस.टी.ने येणाऱ्यांना सकाळी उशिराची वेळ दिली जाते आणि शक्य तेथे एकाच बैठकीत काम पुरे केले जाते, म्हणजे त्यांची दुसरी खेप आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचते.

फी किती, हे उपचारापूर्वी कागदावर लिहून दिले जाते. तो कागद मराठीत आणि कानडीत छापलेला आहे. उपचार काय, पर्याय कोणते, अपयशाचा संभव काय, आणि दाढ काढून टाकणे हाही एक पर्याय आहे, हे सारे त्यात येते. समजून दिलेली संमती हीच संमती. न कळणाऱ्या भाषेखाली केलेली सही म्हणजे नुसती शाई.

पडद्यामागचे काम

रुग्ण खुर्ची पाहतो, दिवा पाहतो, डॉक्टरचा चेहरा पाहतो. त्याच्या जिवाची खरी राखण मात्र मागच्या खोलीत होते. वापरलेली हत्यारे आधी धुवावी लागतात; मग पाकिटात बंद करून वाफेच्या यंत्रात १२१ अंश सेल्सियस उष्णतेवर पंधरा ते वीस मिनिटे, किंवा १३४ अंशांवर निदान तीन मिनिटे ठेवावी लागतात. त्यात तापण्याचा, वाळण्याचा आणि निवण्याचा वेळ मिळविला की एका फेरीस तासाच्या आसपास लागतो. येथेच पुष्कळ नवे डॉक्टर फसतात. ते दुसरी खुर्ची घेतात, पण हत्यारांचे संच वाढवीत नाहीत. मग रुग्णांची रांग लागली की मदतनिसाला घाई करावी लागते. आणि घाईत पहिला बळी पडतो तो वाफेच्या यंत्राचा काटा. आमच्या डॉक्टरणीस मी सांगितले, “बाळ, आधी संच घे, खुर्ची मागाहून.” यंत्र खरोखर जंतू मारते की नाही हे पाहण्यासाठी दर आठवड्याला जीवाणूबीजांची पट्टी टाकून परीक्षा घेतली जाते आणि तिची नोंद राहते.

२०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जातात. मदतनिसांस हिपॅटायटिस-बी ची लस तीन वेळा दिली जाते. सुई टोचण्याचा धोका डॉक्टरइतकाच त्यांनाही असतो, पण पगार थोडा असतो. त्यांच्या लशीचा खर्च वहीत पहिल्या पाच ओळींत हवा. क्ष-किरण यंत्राची नोंद परमाणु ऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. १८९६ च्या जानेवारीत जर्मनीचे ऑटो वॉल्कहॉफ ह्यांनी स्वतःच्या दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले, तेव्हा त्यांना पंचवीस मिनिटे निश्चल राहावे लागले होते. आज तेच काम सेकंदाच्या एका अंशात होते. वेळ घटली म्हणून दक्षता घटता कामा नये.

वाढ कशाला म्हणावे?

पहिले सहा महिने कठीण गेले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या बंधूने चौथा हिस्सा मागितला होता, त्याच्याकडून एकही रुग्ण आला नाही. दोन महिने तर हप्त्यासाठी तिला वडिलांकडे हात पसरावा लागला. तिची आई मला देवळात भेटली की काही बोलत नसे. पण तिच्या डोळ्यांतला प्रश्न मला वाचता येत होता : माझ्या मुलीला हा कोरडा उपदेश तुम्ही कशाला केलात? त्या दिवसांत माझीही झोप उडाली होती.

मग एका संध्याकाळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी आपल्याच पत्नीला तिच्याकडे पाठविले. दाढ तीच होती, वरची पहिली. चौथी नलिका सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र आणि दोन चित्रे मिळाली. त्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन रुग्ण पाठविले, आणि कसलाही वाटा मागितला नाही. पाठोपाठ इतरही काही जण पाठवू लागले. आजही तिचा दवाखाना एका खुर्चीचाच आहे. परंतु हप्ता वेळेवर जातो आणि दशमांशाचे तास एकाही महिन्यात चुकलेले नाहीत.

मुळांच्या उपचाराचा खरा निकाल वर्षाने कळतो. मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून आले की नाही, हे तेव्हा पुन्हा चित्र काढून पाहावे लागते. काहींच्या बाबतीत चार वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते. ती प्रत्येक रुग्णाला वर्षाने बोलावते, त्या चित्राचे पैसे घेत नाही, आणि जेथे अपयश आले त्याची वेगळी वही ठेवते. माझ्यापाशी अशी वही असती तर! दवाखान्याची वाढ मोजण्यास माझ्या मते दोनच आकडे पुरेत : वर्षाने किती दाढा सुखरूप राहिल्या, आणि एकदा रुग्ण पाठविणाऱ्यांपैकी कितींनी दुसऱ्यांदा पाठविला. हे दोन्ही चढते असतील, तर दुसरी खुर्ची आणि दुसरा सहकारी ह्यांचा विचार खुशाल करावा.

वाचकांच्याही वाट्याला ह्यात काही कर्तव्य येते. विशेषज्ञाकडे जाताना आधीची चित्रे आणि औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ह्यांविषयी न विचारताही सांगा. ठरलेली वेळ पाळा. येणे जमत नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, कारण ती वेळ रात्रभर ठणक्याने जागलेल्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. फी आधी विचारण्यात आणि पावती मागण्यात संकोच बाळगू नका. आणि दुखणे थांबले म्हणून वरची टोपी बसविण्याचे टाळू नका. मज्जा काढलेली, आतून पोखरलेली दाढ टोपीवाचून दुभंगते आणि सारी मेहनत व्यर्थ जाते.

मागच्या महिन्यात मी तिच्या दवाखान्यात गेलो होतो. टेबलावर तीच वही होती. मी शेवटची ओळ शोधली. ‘पाठविणाऱ्यांचा वाटा’ ह्या शब्दांपुढचे प्रश्नचिन्ह तिने खोडले होते आणि तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘एक पत्र, दोन चित्रे, त्याच दिवशी.’

मी वही मिटली. बाहेर बाकावर चंदगडकडची एक म्हातारी गाल धरून बसली होती, आणि संध्याकाळची मोकळी ठेवलेली वेळ अजून शिल्लक होती.